चौदा सुऱ्यांची चौकशी

शनिवारी लावलेली धार सोमवारपर्यंत कुठे जाते, हे शोधायला रुग्णालयाने तीन जणांची समिती नेमली. समितीने सुरी सोडून सगळ्यांची चौकशी केली आणि निष्कर्ष काढला, की धारवाल्या काकांचा हात गेला.

एकवीस वर्षं काका दर शनिवारी तिथल्या स्वयंपाकघरातल्या चौदा सुऱ्या दगडावर घासत आले होते. पातं नखावर टेकवलं आणि घसरलं नाही, तरच ते सुरी हातावेगळी करत. आता रुग्णालयाच्या साहेबांनी बजावलं होतं, की येत्या सोमवारी टोमॅटो चेंगरला तर दुसरा माणूस बघू. काम जाण्याची धास्ती होतीच. पण हात गेला म्हणतात, हे काकांना जास्त झोंबलं.

त्या शनिवारी धार लावून ते घरी गेलेच नाहीत. कोठीत स्टूल ओढून ठाण मांडलं.

कोठीवाल्या बाईंनी सुऱ्या विसळल्या आणि ओल्याच पत्र्याच्या खणात टाकल्या, एकीवर एक. मग पळीच्या दांड्याने त्या खण ढवळू लागल्या.

"बाई, सूप करताय का?"

"मोजतेय. दिवसातून तीनदा मोजायच्या आणि पात्याला बोट लावायचं नाही. मागे एका कारकुनाला कापलं, तेव्हापासून नियम आहे."

"अहो, पाती एकमेकींवर आपटतायत! धारेची कड केसाहून बारीक. ती वळते, तुटते. त्यात ओल, म्हणजे गंज आलाच."

"मग इतकी नाजूक धार लावताच कशाला?"

काकांनी एक सुरी पुसून, फडक्यात गुंडाळून वेगळी ठेवायला मागितली. खणात तेराच मोजायला बाई काही केल्या तयार होईनात. शेवटी मुख्य आचारी मधे पडला, "बाई, फडकं मोजा की चौदावं!" तेव्हा कुठे जमलं.

सोमवारी समितीसमोर तेरा सुऱ्यांनी तेरा टोमॅटोंचा लगदा केला. फडक्यातल्या सुरीने मात्र कागदासारखी पातळ चकती काढली. साहेबांनी ती उजेडात धरून पाहिली.

"हात शाबूत आहे तर तुमचा."

"साहेब, खणात लाकडी खाचा करून द्या. पुसून, एकेक सुटी ठेवली की झालं."

"खणाला हात लावता येणार नाही. त्याला सुरक्षिततेचं पारितोषिक मिळालंय. त्यापेक्षा तुम्ही रोज या."

"रोज? दर वेळी पातं झिजतं, साहेब. वर्षभरात सुरीची सळई होईल."

"मग नव्या घेऊ. सुऱ्यांची तरतूद आहे, लाकडाची नाही."

समितीने माना डोलावल्या. काकांनी एवढंच मागितलं, की हात गेलेला नाही हे लिहून द्या. साहेबांनी शिक्क्यासकट दिलं.

घरी बायकोने कागद दोनदा वाचला.

"म्हणजे काम राहिलं?"

"वाढलं. उद्यापासून रोज."

"मग तोंड पाडून काय बसलायत?"

काकांनी कागदाची घडी घातली.

"अगं, त्यातल्या नऊ सुऱ्या मी पहिल्या दिवसापासून सांभाळल्यात. आता रोज जाऊन मीच त्या संपवायच्या."