तीन वाजून दहा मिनिटं

वालेत्ताच्या धक्क्यावरून यित्कानं रादिमला पाठीवरच्या चौदा किलोंच्या पिशवीसकट समुद्रात ढकललं. आता हे घडलंच नाही असं समजायचं आहे, कारण पोलिसाला दोघांनीही तेच सांगितलं: पाय घसरला. तेव्हा रादिम कोरडा आहे, शुक्रवारची सकाळ आहे आणि यित्का अजून नुसतीच चिडलेली आहे.

चिडायला सुरुवात नाश्त्यालाच झाली. रादिमनं दोघांचे फोन हॉस्टेलच्या कपाटात ठेवले, कुलूप लावलं आणि किल्ली खिशात टाकली.

"आज शहर डोळ्यांनी बघायचं," तो म्हणाला.

"आणि वेळ? ती काय नाकानं बघायची?"

"यितुश, इथे मान वळवशील तिकडे चर्च आहे आणि प्रत्येक चर्चला घड्याळ आहे. देवाच्या घरचं घड्याळ. ते आपल्याला फसवणार आहे का?"

पिशव्या मात्र त्यानं बरोबर घेतल्या. पाठीवर ओझं नसलं तर माणूस साधा पर्यटक होतो, असं त्याचं मत होतं. त्याच्या पिशवीत वरच त्याच्या आईचा निळा डबा होता. ब्रनोहून निघताना आईनं त्यात पावात दाबलेले डुकराच्या मांसाचे अकरा तळलेले काप भरून दिले होते आणि निरोप काय, तर "डबा परत आण." मुलगा परत आण, असं ती यित्काला काही म्हणाली नव्हती.

यित्काला वालेत्ताशी खरं तर काही घेणं नव्हतं. तिला खाडीपलीकडच्या गावात जायचं होतं, साडेचार वाजता. तिथे पाच हजार वर्षांपूर्वी माणसांनी खडक कोरून जमिनीखाली एक देऊळ केलंय. तासाला दहाच माणसं आत सोडतात. चौदा वर्षांची असताना दाताच्या डॉक्टरकडे बसून तिनं एका जुन्या मासिकात त्याचा फोटो पाहिला होता. त्या दिवशी तिच्या दोन दाढा गेल्या, फोटो राहिला. त्या देवळात भिंतीला एक कोनाडा आहे. त्यात खर्जातल्या आवाजात बोललं की सगळा खडक घुमतो. पण फक्त पुरुषांच्या आवाजाला, बायकांच्या नाही, असं मासिकात लिहिलं होतं. यित्का ब्रनोच्या ट्राम डेपोत दुरुस्तीच्या कामाला लागली होती. तेव्हापासून, म्हणजे गेली दोन वर्षं, ती ट्रामखालच्या खड्ड्यात उभी राहून खर्ज लावत होती. तिला त्या कोनाड्यात दोनच शब्द म्हणायचे होते: मी आले. तिकिटं चार महिन्यांपूर्वी काढलेली, कागदावर छापून, प्लास्टिकच्या पाकिटात घालून गळ्यात अडकवलेली.

रादिमनं दुपारपर्यंत तिला तीन तट, दोन बागा आणि एक पुतळा चढवला. पुतळा चढायचा नसतो, हे त्याला रखवालदारानं सांगितलं. बाराच्या ठोक्याला वरच्या बागेतली तोफ उडाली. "बाराला आणि चारला उडते," रादिमनं कान चोळत तिला समजावलं, जणू तोफ त्याच्याच काकांची होती.

मग तो तिला घेऊन एका चर्चमागच्या पायऱ्यांच्या गल्लीत शिरला. तिथून चर्चचा एकच मनोरा दिसत होता. त्यावरच्या घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती.

"पावणेचारला निघायचं," यित्का म्हणाली.

"निघू की. बस. काप खा."

त्यानं डबा उघडला. एक काप खाल्ला, दुसरा खाल्ला. तिसरा खाताना कापावर थोडं बोलला. यित्कानं मनोऱ्याकडे पाहिलं. तीन दहा.

"बघ, इथे वेळ कशी निवांत जाते," रादिम म्हणाला. "आपल्याकडे कशी पळते!"

तेवढ्यात तोफ उडाली.

यित्का ताडकन उठली. "चार वाजले!"

"तोफ चुकली."

"तोफ कशी चुकेल?"

"यितुश, तोफ माणसं उडवतात. घड्याळ देवाचं आहे. तूच बघ, तीन दहा."

तिनं बघितलं. काटे तिथेच. तिनं डोळे बारीक करून नीट बघितलं, तेव्हा काट्यांच्या सावल्याही जागच्या हललेल्या नव्हत्या. तळपायाची आग मस्तकात गेली.

वरच्या लाकडी सज्जातून एक म्हातारी दोरीनं टोपली खाली सोडत होती, पाववाल्यासाठी. शेजारपाजारचे तिला जूझा म्हणत. ती मघापासून या दोघांकडे टीव्ही बघावा तशी बघत होती.

"आजी," यित्का ओरडली, "ते घड्याळ कधीपासून बंद आहे?"

"बंद कशानं असेल? ते काढलेलं चित्र आहे, पोरी. खरं घड्याळ पलीकडच्या मनोऱ्यावर. हे सैतानासाठी. मेलेल्या माणसाचा आत्मा न्यायला तो येतो ना, त्याची वेळ चुकावी म्हणून."

"आणि चुकते?"

"अजून त्याची तक्रार नाही आली. त्याच्याशिवाय फसलेले मात्र तुम्हीच पहिले."

कोपऱ्यावरून पलीकडचा मनोरा दिसला. चार वाजून पाच मिनिटं. यित्का धावत सुटली, तिच्यामागे रादिम. उतारावरून, पायऱ्यांवरून, एका लग्नाच्या फोटोमधून, थेट धक्क्यावर. तिथे नेनू नावाचा नावाडी दोर सोडतच होता.

"देवळाला साडेचारच्या आत पोचवाल?"

"दहा मिनिटं पाण्यात, सात मिनिटं पायी. आत्ता बसलात तर हो."

यित्का बसली. रादिमचा एक पाय नावेत, एक धक्क्यावर. त्याचा चेहरा पांढराफटक पडला.

"डबा!"

"राहू दे."

"आईचा डबा आहे, यितुश!"

"मी नवा घेऊन देईन. दहा घेऊन देईन. तुझ्या आईला डब्यांचं दुकान टाकून देईन. बस!"

"तिनं परत आण म्हटलंय," तो म्हणाला आणि पायऱ्या चढू लागला.

एकटीनं पुढे जायचं तर जाता आलं असतं. पण सकाळी मान अवघडली म्हणून तिनं स्वतःच तिकिटांचं पाकीट घटकाभर रादिमच्या गळ्यात घातलं होतं, आणि त्या क्षणी ते पाकीट पायऱ्या चढत होतं. यित्कानं त्याला हाक मारली. मग नावेचा काठ इतका घट्ट धरला की नेनू म्हणाला, "बाई, लाकूड जुनं आहे."

बारा मिनिटांनी रादिम डबा उराशी धरून आला. "म्हातारीनं टोपलीत वर ओढून ठेवला होता," तो हसत म्हणाला. "चांगली माणसं आहेत."

देवळाच्या दारात त्यांना चार वाजून एकेचाळीस मिनिटं झाली. दारावरच्या बाईनं तिकिटं बघितली, घड्याळ बघितलं, यित्काकडे बघितलं आणि आवाज खाली आणला. "साडेचार वाजले की दार बंद. श्वासाच्या दमटपणानं आतलं रंगकाम जातं. तुमच्या दोन जागा रिकाम्याच गेल्या. पुढची तारीख अकरा आठवड्यांनी."

त्यांचं विमान उद्या सकाळी होतं.

परतीच्या नावेत यित्कानं तिकिटांचं पाकीट रादिमच्या गळ्यातून काढून घेतलं. वालेत्ताच्या धक्क्यावर उतरल्यावर रादिमनं डबा उघडला, आत डोकावला आणि म्हणाला, "एक काप उरलाय. अर्धा तुला. एवढं काय झालं, यितुश? एक भोकच तर होतं."

"रादिम," यित्का म्हणाली.

आवाज आपसूकच खर्जात लागला. दोन वर्षांच्या ट्रामा त्यात होत्या. समोरच्या किल्ल्याची भिंत घुमली, मागचा तट घुमला, सगळी खाडी भरली आणि नेनूनं टोपी काढली. म्हणजे मासिकात चुकीचं लिहिलं होतं. आणि ते सिद्ध झालं कुठे, तर उघड्यावर, एका कापासमोर. ते लक्षात आलं तेव्हा तिचे हात मोकळेच होते.

रादिम पाण्यात उभा पोहत होता आणि डबा डोक्यावर धरून होता. डबा कोरडा राहिला.

पोलीस चौकीत ग्रेत्स्यू नावाच्या शिपायानं पाय घसरल्याचं लिहून घेतलं आणि विचारलं, "आणखी काही तक्रार?"

"अर्ज आहे," यित्का म्हणाली. त्यानं कोरा कागद दिला. तिनं दात-ओठ खात लिहिलं, ग्रेत्स्यूनं वाचून शिक्का मारला:

"प्रति, मा. सैतान. विषय: वेळ परत मिळणेबाबत. महोदय, चर्चच्या मागील मनोऱ्यावरील घड्याळ केवळ आपल्या वापरासाठी राखीव असल्याचे समजले. अर्जदाराकडून त्याचा अनवधानाने वापर झाला आहे. तरी शुक्रवार दुपारी ३.४५ ते ४.३० ही पंचेचाळीस मिनिटे अर्जदारास विनाविलंब परत देण्यात यावीत, आणि सदर कालावधीत सोबतचे गृहस्थ श्री. रादिम यांना आपल्याकडे ठेवून घेण्यात यावे, ही विनंती. डबा परत न आल्यास अर्जदाराची हरकत नाही."