सगुणाआत्यांचा झेला

"टीच म्हणजे शिकवणे. त्याचं भूतकाळी रूप?"

"टीच्ड," अकरा वर्षांची ओवी पुटपुटली.

"टॉट! किती वेळा सांगायचं तुला?" नीरजाने वही आपटली. रत्नागिरीतल्या एका हायस्कुलात ती इंग्रजी शिकवायची. बाईंचीच मुलगी इंग्रजीत ढ, हे तिच्या जिवाला फार लागलं होतं.

"आई, उद्यापासून तू मला नको शिकवू," ओवी शांतपणे म्हणाली. त्यापेक्षा ती रडली असती तर बरं, असं नीरजाला वाटून गेलं.

दुसऱ्या दिवशी रविवार. मायलेकी मिरजोळ्याला सगुणाआत्यांच्या, म्हणजे नीरजाच्या आत्येसासूबाईंच्या आंब्याच्या बागेत गेल्या. दुपार पेंगुळली होती. समुद्राकडून आलेली झुळूक पानांतच रेंगाळत होती. आपण जाग्या आहोत की स्वप्नात, हे नीरजाला कळेना.

तिने हौसेने झेला उचलला. लांब काठी, टोकाला पातं आणि जाळी. आंबा जाळीत पडला, पण देठ फांदीलाच राहिला आणि चीक फळावर ओघळला.

"डागलं गो फळ!" आत्या हसल्या. त्या मागे येऊन उभ्या राहिल्या, नीरजाच्या हातांवर आपले हात ठेवले आणि काठी सावकाश फिरवली. "बघ, असा." आंबा देठासकट उतरला.

"आत्या, आधी सांगायचं ना!"

"नुसतं सांगून हाताला काय कळणार गो? मला सासूबाईंनी असंच दाखवलानी. मीही चार फळं डागवली होती. म्हणून काय त्यांनी मला ढ म्हणायचं?"

नीरजा चपापली. जुन्या इंग्रजीत ‘टीच’चा अर्थच मुळी ‘दाखवणे’! एम.ए.ला तिने त्यावर पानभर लिहून पैकीच्या पैकी गुण मिळवले होते. आणि घरी? घरी ती नुसती विचारत होती, चुका पकडत होती. दाखवलं कधी होतं?

"ओवी, चुकलं माझं," ती म्हणाली. "ये, धर हा झेला."

ओवी जरा घुटमळली, मग आली. तिचाही पहिला आंबा डागला. ‘किती वेळा’ हे शब्द नीरजाच्या ओठांवर आलेच होते! तिने ते गिळले आणि लेकीच्या इवल्या हातांवर हात ठेवले. "असू दे. बघ, असा."

या वेळी देठ नीट आला. ओवी आईला रेलून कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

"आई, ते टॉटपण मला असंच दाखवशील?"

नीरजाचे डोळे भरून आले.

पालकहो, शिक्षकहो, मुलाला ढ म्हणण्याआधी स्वतःला एवढंच विचारू या: आपण त्याला किती वेळा सांगितलं ते पक्कं आठवतं, पण शेजारी बसून दाखवलं किती वेळा?