ताटलीचा उजेड

श्रीपाद टिपणिसांचा फोटो स्टुडिओ ठाण्याला टेंभी नाक्याजवळ, जिना चढून वर. त्या जिन्याला चौदा पायऱ्या. एका फोटोसाठी मी तो जिना सहा वेळा चढले आणि तो फोटो मला मिळाला नाही. म्हणून मी जे केलं ते केलं. उद्या कुणी विचारलं तर पुन्हा करीन म्हणून सांगेन.

मी वासंती. आमचं बिऱ्हाड डोंबिवलीला, आमचे हे, प्रभाकर, रेल्वेच्या कचेरीत कारकून. माझा हात बरा, म्हणून टिपणीसअण्णांकडचे काळे-पांढरे फोटो घरी आणून मी त्यांत रंग भरून द्यायची. ओठांना गुलाबी, शालूला हिरवा, कुंकवाला लाल. चार वर्षं मी दुसऱ्यांच्या आया नटवल्या. माझ्या स्वतःच्या आईचा मात्र एक फोटो नव्हता. ती खडवलीला असायची, पाय गेलेले, माजघरातल्या अंथरुणावर पडून.

त्रेपन्न साली खडवलीत एका मोठ्या घरी मुंज होती आणि फोटोला अण्णा जायचे होते. मी म्हटलं, "अण्णा, तिथे जाताच आहात, तर माझ्या आईचा एक काढा." पैसे आधी घेतले त्यांनी, त्यात चूक नाही केली. मी आईला लुगडं नेसवलं, शेजारच्या रंगूबाईंची नथ मागून आणून घातली, भिंतीला टेकून बसवलं. अण्णांनी तिकाटण्यावर कॅमेरा ठेवला, पत्र्याच्या तबकात उजेडासाठी जाळतात ती पांढरी पावडर ओतली आणि भस्सकन भडका उडवला. माजघरभर धूर. आई खोकत खोकत म्हणाली, "झालं?"

"झालं, आजी. झकास आलात," अण्णा म्हणाले.

त्यानंतर दोन महिने आई येईल-जाईल त्याला सांगत होती, माझा फोटो काढलाय म्हणून. आषाढात ती गेली.

मग माझा तो जिना सुरू झाला. उद्या ये, परवा ये, अजून धुवायचाय. सहाव्या खेपेला अण्णा म्हणाले, "उजेड कमी पडला गं. काचेवर काही उमटलंच नाही, कोरी आली. नशीब एकेकाचं." आणि रंगवायला नवे पाच फोटो माझ्या हातात ठेवले. मी ते मुकाट घेऊन घरी आले. त्यांच्या बोलण्यावर मी विश्वास ठेवला, याचा मला अजून राग येतो.

स्टुडिओच्या अंधाऱ्या खोलीत, ज्यांवर फोटो उमटतो त्या काचा धुणारा राघो म्हणून एक म्हातारा होता. वर्षभराने नोकरी सोडून तो गावी निघाला, तेव्हा मुद्दाम डोंबिवलीला उतरला. चहा पितापिता म्हणाला, "बाय, सांगितल्याबिगर जायला मन होईना. तुझ्या आईची काच कोरी आलेली नाय. काच घातलेलीच नव्हती."

मी हातातला ब्रश खाली ठेवला.

"बारीक बिऱ्हाड दिसलं की शेठ नुसता भडका उडवतो," राघो म्हणाला. "पावडर स्वस्त, काच महाग. भडका उडाला की लोकांना वाटतं फोटो निघाला."

माझी आई नथ घालून, श्वास रोखून एका रिकाम्या खोक्यासमोर बसली होती. आणि जिना चढताना दर खेपेला मी त्या माणसाला नमस्कार केला होता. टेंभी नाक्यावर उभं राहून ओरडावंसं वाटलं, पण ओरडून काय? पुरावा काय माझ्याकडे? बाईचं डोकं फिरलं म्हणाले असते. त्यापेक्षा म्हटलं, ह्याची घरोघरची कामंच काढून घेते.

"तू फोटो काढणार?" हे म्हणाले.

"का, हात नाहीत मला?"

"हात आहेत. कॅमेरा नाही." पण मग त्यांनीच कचेरीतल्या कुणाकडून एक घडीचा जुना कॅमेरा मिळवला, फिल्मच्या गुंडाळीवर चालणारा. आता प्रश्न उरला उजेडाचा. म्हातारी माणसं, बाळंतिणी, आजारी, ही सगळी माजघरात, आणि माजघरात दिवसाही दिवा लावावा लागतो. मी दोन पाटल्या मोडल्या आणि आम्ही मुंबईला फोर्टात एका दुकानात गेलो.

दुकानदार म्हातारा आणि सोशिक होता. त्याने तीन गोष्टी मांडल्या. पहिली ती पावडर, सगळ्यांत स्वस्त. तिचा डबा बघूनच मला आईचा खोकला ऐकू आला. मी म्हटलं, उचला ती. दुसरा विजेचा फ्लॅश. हवे तितके झोत पाडा, काही जळत नाही, धूर नाही. पण त्याची बॅटरीची पेटी खांद्याला अडकवायची, ती उचलून बघताना ह्यांचा चेहरा लाल झाला, आणि किंमत ऐकून पांढरा. तिसरा बल्बचा. हातात धरायची एक नळी, तिच्यात टॉर्चचे सेल, वर एक बल्ब. एक बल्ब एकदाच पेटतो आणि जळून जातो. एक बल्ब, एक फोटो.

"बल्ब महाग पडतील," हे म्हणाले.

"गिऱ्हाइकामागे दोन आणायचे. एक फोटोचा, एक चुकला तर. तिसरा नाही."

माझ्या कॅमेऱ्याला फ्लॅशची तार जोडायची सोय नव्हती. दुकानदार म्हणाला, काही अडत नाही. कॅमेरा तिकाटण्यावर ठेवा, भिंगाचं झाकण उघडा, बल्ब उडवा, झाकण लावा. तेवढ्यात माणसं हलता कामा नयेत. मी म्हटलं, आमच्याकडची माणसं फोटोत पापणीसुद्धा लववत नाहीत. नळी जुनी घेतली. उजेड पुढे फेकायची जी चकचकीत वाटी लागते, ती नव्या नळीबरोबर मिळते आणि तिचेच पैसे फार, म्हणून ती घेतली नाही.

घरी आईची पितळी ताटली होती, खडवलीहून आणलेली. कल्हईवाल्याला गाठून ती आतून आरशासारखी करून घेतली, मधोमध भोक पाडलं आणि नळीवर बसवली. पहिल्या बल्बला समोर बसवलेले हे पिठात पडल्यासारखे पांढरेफटक आले. दुसऱ्याला जरा माणसात आले. मग मी एका सुतळीला गाठी मारल्या. माणूस इतक्या गाठींवर असेल तर भिंग इतकं उघडायचं, वहीत लिहून ठेवलं, आणि पुन्हा चुकले नाही.

कामं येऊ लागली. बाई असल्याने मला सरळ आतपर्यंत नेत. धूर नाही, खोकला नाही, आवाज म्हणजे नुसतं फट्. डोंबिवली झाली, कल्याण झालं, ठाण्याजवळच्या माजिवड्यापर्यंत बोलावणी आली. अण्णांचं रंगवायचं काम मी सोडलं. ते मला ताटलीवाली म्हणतात असं कानावर आलं. म्हणू देत, म्हटलं. त्यांची घरची कामं अर्ध्यावर आली होती, पण माझं पोट भरलं नव्हतं.

छप्पनचा पावसाळा सरता सरता अण्णांची बायको, मंदाकिनीवहिनी, स्वतः माझ्या दारात आल्या. सासूबाईंना दम्याने घेरलंय, म्हणाल्या, डॉक्टरांनी आशा सोडलीय. "ह्यांनी जगाचे फोटो काढले, आईचा आज काढू उद्या काढू करता करता राहून गेला. आता पावडरचा धूर सोसायचा नाही त्यांना. तू येशील का? हे स्वतः विचारायचे नाहीत."

येईन, म्हटलं. शनिवारी दुपारी येते.

शनिवारी मी घरून निघाले, तेव्हा कॅमेरा रिकामा होता. फिल्म पर्समध्ये होती. विसरून नव्हे, ठरवून. दोन्ही बल्ब रिकाम्या कॅमेऱ्यापुढे जाळायचे आणि अण्णांना सहा वेळा माझ्या जिन्यावर चढवायचं, असं मी ठरवलं होतं. म्हाताऱ्या बाईचा काय दोष, असं एकदा मनात आलं. माझ्या आईचा तरी काय होता?

अण्णांच्या माजघरात आजींना पलंगावर लोडाला टेकवून बसवलेलं. बाजूला खुर्चीत अण्णा, मागे वहिनी, दोन मुलगे, सुना. आजींनी अण्णांचं मनगट घट्ट धरलं होतं आणि गाल त्यांच्या खांद्याला टेकला होता. अण्णा माझ्याकडे बघत नव्हते. मी सुतळीच्या गाठी मोजल्या, झाकण उघडलं, बल्ब उडवला, झाकण लावलं.

"झालं का गं?" आजींनी विचारलं.

"झालं, आजी. झकास आलात," मी म्हणाले.

आता अण्णांनी वर पाहिलं. मी बल्ब बदलत होते, त्यांची नजर माझ्या हातांवर. "खुंटी फिरवली नाहीस," ते म्हणाले. फिल्म पुढे सरकवायची खुंटी. मग अगदी हलक्या आवाजात त्यांनी विचारलं, "वासंती, आत फिल्म आहे ना?"

एवढ्या घरांत मी गेले, हा प्रश्न मला कुणी म्हणजे कुणी विचारलेला नव्हता. तो सुचायला माणसाने आधी स्वतः ते केलेलं असावं लागतं. माझा बेत तिथेच बदलला. दया आली म्हणून नव्हे. ह्याहून चांगलं काहीतरी हाती लागलं म्हणून.

मी कॅमेऱ्याची पाठ उघडून सगळ्यांना दाखवली. "नाही, अण्णा. खडवलीला तुमच्या कॅमेऱ्यात काच होती?"

"कसली काच?" वहिनी म्हणाल्या. मी सांगितलं. नथ, लुगडं, भडका, सहा वेळा जिना, राघोने काय सांगितलं ते. आवाज चढवला नाही. मुलगे बापाकडे बघत होते. अण्णा उठायला लागले, पण आजींनी मनगट सोडलं नाही.

"श्रीपाद, हे खरं?"

अण्णांनी मान खाली घातली.

"बस खाली," आजी म्हणाल्या. दम लागत होता, थांबून थांबून बोलल्या. "पोरी, तुझी फिल्म घाल. तू समोर बघ रे. मान वर."

मी सगळ्यांच्या देखत फिल्म भरली, खुंटी फिरवली, पाठीवरच्या बारीक खिडकीत फिल्मचा आकडा आलेला वहिनींना दाखवला. अण्णांनी मान वर केली. आईने सांगितलं म्हणून केली. मी दुसरा बल्ब उडवला आणि माझ्या आईच्या ताटलीतला उजेड थेट त्यांच्या तोंडावर पडला.

मी निघाले तेव्हा त्यांच्या घराच्या जिन्याखाली अण्णा मला गाठायला आले. "अजून एक काढ. माझा चेहरा त्यात..."

"बल्ब दोनच आणते मी," मी म्हणाले.

त्यांनी मुंबईहून डझनभर बल्ब आणवले. पण ते येईपर्यंत आजींना उठून बसवेना, आणि सर्वपित्रीच्या दोन दिवस आधी त्या गेल्या.

दिवस झाल्यावर अण्णा डोंबिवलीला आले. माझा जिना चढले. म्हणाले, नुसत्या आईचा मोठा करून दे. मी निगेटिव्ह उजेडात धरून दाखवली, शेजारी छापलेली प्रत ठेवली. आजींचा गाल त्यांच्या खांद्यावर, हात त्यांच्या मनगटावर. आजी तर अशा आल्या होत्या, की मीच बघत राहिले. डोळे स्वच्छ, मान ताठ. आणि शेजारी ते. त्या चेहऱ्याला काय म्हणायचं ते त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं, जन्म चेहरे बघण्यात गेला होता त्यांचा.

"तुम्हाला कापायचं तर आजींचा हात कापावा लागेल," मी म्हणाले. "ही घ्या कात्री."

त्यांनी घेतली नाही. म्हणाले, "रंग भरताना तरी माझं जरा... तुझा हात चांगला आहे."

"भरते की," मी म्हटलं.

आणि भरला. आजींच्या लुगड्याचा अंजिरी रंग जुळवायला मला दोन दिवस लागले. अण्णांच्या तोंडाला ब्रश लावला नाही.

तो फोटो त्यांच्या माजघरात दारावर आहे. आईचा एकुलता एक फोटो, काढून ठेवायची सोय नाही. वहिनी म्हणाल्या, हे आता त्या खोलीत जेवत नाहीत, पानाकडे बघितलं तरी वर लक्ष जातं म्हणतात. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

आमच्या भिंतीवर आईच्या फोटोसाठी ह्यांनी त्रेपन्न सालीच खिळा ठोकून ठेवला होता. त्याला मी ताटली अडकवते. काम आलं की काढून घेऊन जाते.