घटात न भिजलेली माती

मी पीट बोलतेय, दलदलीतली काळी माती. नाव ओळखीचं नसेल, सुप्रभालाही नव्हतं. लंडनमधल्या हॅरोच्या घरात तिने पिशवीत नाक घालून मला हुंगलं आणि नवऱ्याला विचारलं, "शशी, ही नक्की माती आहे ना?"

"गार्डन सेंटरवाला म्हणाला, बेस्ट आहे."

"तो विकायलाच बसलाय. दुसरं काय म्हणणार?"

मला ती तिथेच आवडली. माणसांचा संशय मलाही येतो.

माझा जन्म उत्तर इंग्लंडातला. शेवाळ मरायचं, पाण्याखाली धड कुजायचंही नाही, नुसतं थरावर थर बसायचं. वर्षाला जेमतेम मिलिमीटरभर वाढ. फ्रँक नावाचा म्हातारा अरुंद फावड्याने माझे विटांसारखे तुकडे कापायचा, शेकोटीसाठी. पण वरचा हिरवा थर आधी अलगद काढून ठेवायचा आणि शेवटी खड्ड्यात परत अंथरायचा. "पांघरूण काढलं तर परत घालायला नको?" असं बायकोला म्हणायचा.

ऐंशी सालानंतर तो दिसेनासा झाला. चर खणले गेले, पाणी वाहून गेलं, हिरवा थर खरवडला. मग यंत्र आलं. ते माझा वरचा पापुद्रा कातरून भुगा करी, तो उन्हात वाळला की ट्रॅक्टरमागचं धूड व्हॅक्यूम क्लीनरसारखं ओढून घेई. फ्रँकचं उन्हाळाभराचं काम एका सकाळीत व्हायचं. पिशवीवर फुलं छापली आणि लिहिलं, 'नैसर्गिक'. तेव्हापासून छापील शब्दांवर माझा विश्वास नाही.

शशिधरने मला टोमॅटोसाठी आणलं होतं. उरलेली मी उन्हाळाभर शेडमध्ये उघडी पडून आणखी वाळले. १९९०च्या नवरात्रात सुप्रभाने मला परडीत पसरलं, गहू पेरले, मधोमध कलश ठेवला. तिची चार महिन्यांची शिल्पा महिनाभर वजनात वाढली नव्हती. साताऱ्याहून सासूबाई, सिंधुबाई, फोनवर म्हणाल्या होत्या, "घट बसव गं. तो तरारून आला की पोरगीही बाळसं धरेल."

"मी बी.एस्सी. आहे, असलं काही मानत नाही," असं सुप्रभाने शशिधरला ऐकवलं, आणि दिवसातून आठ वेळा मला बघायला येऊ लागली.

चूक तिची नव्हती, पण झाली. इतकी वाळलेली पीट पाणी पीत नाही. शिंपडलेलं पाणी माझ्यावरून घरंगळायचं आणि कडेने गळून जायचं. मला बदलावं, तर बसवलेला घट हलवत नाहीत.

चौथ्या दिवशी शेजारची उल्का आली. "अगं, ही पीट आहे! हिच्यासाठी अख्ख्या दलदली सुकवतायत. पीट काढणं थांबवा, चर बुजवा, असं आमच्या ग्रुपचं पिटिशन आहे, सही कर."

"आधी उगवत का नाही ते सांग."

"पाणी कुठे घेतेय ती? आधी कोमट पाण्यात भिजवायची होतीस."

"तुला काय माहीत?"

"संशयी बाई! चमचा दे." उल्काने चमचाभर पाणी टाकलं. थेंब पाऱ्यासारखे माझ्यावर उभे राहिले. सुप्रभाने एक बोटाने ढकलून पाहिला, तो नुसताच घरंगळला.

सातव्या दिवशी बाळाच्या वजनासाठी बेबी क्लिनिक होतं. परडी काळीभोर, एक कोंब नाही. सुप्रभाने कोट घातला, काढला, परत घातला. शेवटी बाळाला घेऊन गेली. परतली ती दारातूनच ओरडत, "शशी, दोनशे ऐंशी ग्रॅम वाढली! मी दोनदा वजन करायला लावलं. म्हटलं, काटा बिघडला असेल."

तेवढ्यात सिंधुबाईंचा फोन आला. "काय गं, घट कसा आलाय?"

सुप्रभाने माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलणं सोपं होतं, सातारा लांब होता.

"आई, घट नाही आला. शिल्पा वाढली."

फोनची वायर बोटाला गुंडाळत तिने विचारलं,

"आई, ऐकताय ना?"

"ऐकतेय गं. किती वाढली ते सांग आधी."

त्या संध्याकाळी सुप्रभाने उल्काचा कागद तीनदा वाचला. "चर बुजवले की पाणी खरंच परत येतं?"

"हळूहळू. पण येतं."

"लिहून दे," म्हणाली, आणि सही केली.

दसऱ्यानंतर मला गुलाबाखाली ओतलंय. इथे मी हळूहळू विरून जाईन. मला परत नेऊन टाकलंत तरी माझी दलदल होणार नाही. पण तिकडे खाली माझे थर अजून ओले आहेत. तेवढे तरी राहू द्या. चर बुजवू असं कुणी सांगितलं, तर कधी ते विचारा. नंतर जाऊन बघूनही या.