एवढं बघतो आणि आलोच

जिथे पृथ्वीच्या पोटातली आग काही न मागता माणसाच्या अंघोळीची सोय करते, तिथे भल्याभल्यांची मान आपोआप लवते. मिस्त्रींचीही लवली होती. ते गरम पाण्याच्या कुंडाच्या कठड्यावरून वाकून पाइप शोधत होते.

"बॉयलर कुठाय?" त्यांनी सहलीच्या गाइडला विचारलं.

"काका, नैसर्गिक आहे हे. जमिनीतूनच गरम येतं."

"असं सगळेच सांगतात."

मिस्त्रींनी उभं आयुष्य लोकांचे गिझर दुरुस्त करण्यात घालवलं होतं. पाणी आपलं आपण तापतं म्हटल्यावर, रस्त्यात सोनं सापडलेल्या सराफासारखा त्यांना आधी खोटेपणाचाच वास आला. गंधकाचा नंतर आला.

गावातल्या निम्म्या घरांत त्यांच्या हातगुणाने गरम पाणी येत असे. उरलेल्या निम्म्यात त्यांचं स्वतःचं घर होतं. तिथला गिझर बंद पडला तेव्हा मुलगी शाळेत जात होती. आता तिची मुलं जात होती. "रविवारी बघतो," मिस्त्री म्हणत, आणि नेमका रविवारी कुणाचा तरी गिझर बिघडे. मिस्त्रीणबाई चुलीपासून न्हाणीपर्यंत पातेली वाहत राहिल्या. भांडण त्यांनी कधी काढलं नाही. फक्त, काम बंद केल्यावर मिस्त्रींनी मोठ्या मनाने विचारलं, "कुठे जायचं फिरायला?" तेव्हा त्यांनी विचार करायला क्षणभरही घेतला नाही.

"जिथे पाणी मला तापवावं लागत नाही तिथे. आणि पोहणार आहे मी, सांगून ठेवते."

मिस्त्रींना ती थट्टा वाटली होती. आता त्या कपडे बदलायच्या खोलीतून बाहेर आल्या, अंगात निळा पोहण्याचा पोशाख, डोक्यावर रबरी टोपी, आणि मिस्त्रींनी आ वासला.

"अगं, हे कधी घेतलंस?"

"तुम्ही बॅगेत पाना घातलात तेव्हा मी काही बोलले का?"

बाईंनी पायरीवरून अंग पाण्यात सोडलं. बायकोच्या माहेरी कालवा होता एवढं मिस्त्रींना ठाऊक होतं. कालव्यात ती काय करायची, हे विचारायचं राहून गेलं होतं. बाकीची मंडळी कडेकडेने म्हशींसारखी बसली होती. त्यांच्यामधून बाई पाण्याला कळूही न देता पलीकडच्या काठाला पोचल्या.

"अहो, या की आत!"

"एवढं बघतो आणि आलोच."

कारण कुंडाच्या बुटक्या भिंतीमागे त्यांना अखेर पाइप सापडला होता. व्हॉल्व्ह अर्धवट उघडा, आणि पाणी आपलं वाहतंय! अर्धवट उघडा व्हॉल्व्ह म्हणजे मिस्त्रींच्या लेखी उघड्यावर पडलेलं मूल. त्यांनी तो बंद केला, पान्याने आणखी एक पीळ दिला आणि समाधानाने हात पुसले.

थोड्या वेळाने कुंडातून पहिली किंकाळी आली. मग माणसं तव्यावरच्या लाह्यांसारखी बाहेर उडू लागली.

"वॉलला कुणी हात लावला?" कुंडाची राखणदार बाई धावत आली. "ओढ्याचं थंड पाणी येतं त्यातून! नाहीतर इथे माणसं शिजतील की हो!"

सगळ्यात शेवटी लालबुंद होऊन मिस्त्रीणबाई बाहेर आल्या. कुणी हात लावला हे त्यांनी विचारलं नाही.

"एवढ्यासाठी आले होते मी," त्या म्हणाल्या, आणि पायरीवर बसून राहिल्या.

मिस्त्री भिंतीमागे पळाले. पण तो जादा पीळ नडला होता. व्हॉल्व्हचे आटे गेले होते. दांडा वर ओढून धरला की पाणी येई, सोडला की आतली झडप धपकन खाली बसे. मिस्त्रींनी दांडा दोन्ही हातांनी वर ओढला आणि तसेच उभे राहिले.

कुंड निवेपर्यंत मंडळी कपडे घालून, शिव्या घालून जेवायला निघून गेली.

"काकू, चला. जेवण गार होईल," गाइड म्हणाला.

"होऊ दे. तापवायची सवय आहे मला."

त्यांनी पायाचा अंगठा बुडवून पाहिला आणि पुन्हा पाण्यात शिरल्या. आता सगळं कुंड त्यांचं एकटीचं होतं. त्या आडव्या पोहल्या, उभ्या पोहल्या, मग पाठीवर पडून वाफेत डोळे मिटून तरंगत राहिल्या. ज्या खांद्यांनी इतकी वर्षं पातेली वाहिली, ते खांदे आज कुणीतरी खालून अलगद उचलून धरले होते. मिस्त्रींचे हात भरून आले, दंडात गोळे आले. भिंतीवरून ते नुसते बघत राहिले. इतकी सुरेख चालणारी वस्तू आपल्या घरात होती आणि आपण तिच्याकडे एकदाही पाहिलं नाही, याचं त्यांना राहून राहून नवल वाटलं.

"या ना!" बाईंनी डोळे न उघडता हाक मारली.

"सोडला तर शिजशील."

बाई हसल्या. "मग धरा."

त्यांनी धरला. बसचा हॉर्न दोनदा वाजला तरी धरला.

परतीच्या वाटेवर मिस्त्रीणबाई त्यांच्या दुखऱ्या खांद्यावर डोकं टेकून झोपी गेल्या. त्यांच्या ओल्या केसांना गंधकाचा वास येत होता. मिस्त्रींनी हालचाल केली नाही. घरी गेल्यावर सगळ्यात आधी गिझर, त्यांनी मनाशी ठरवलं.

ही गोष्ट मागच्या हिवाळ्यातली. गिझर अजून बंद आहे.