डाळिंबीच पाहिजे

आमच्या ह्यांना जगात पाच रंग माहीत. लाल, हिरवा, पिवळा, काळा, पांढरा. निळ्यालाही हिरवाच म्हणतील. आणि अशा माणसाच्या हातात आमच्या बिल्डिंगमधला पहिला कलर टीव्ही! चौऱ्याऐंशी सालची मुलुंडमधली गोष्ट सांगतेय.

टीव्ही आला त्याच दिवशी ह्यांनी रंगाचं बटण पिरगाळलं ते थेट शेवटपर्यंत. बातम्या देणारी बाई शेंदूर फासल्यासारखी दिसायला लागली. मी म्हटलं, "अहो, जरा कमी करा." तर म्हणे, "रंगाचेच तर पैसे दिलेत, कमी कशाला ठेवू?" घ्या! वर शेजारचे गुणाजीभावोजी मान डोलावतायत, "झकास दिसतंय, शिवदास!"

त्याच श्रावणात आमच्या महिला मंडळाचा मंगळागौरीच्या गाण्यांचा कार्यक्रम टीव्हीवर घ्यायचा ठरला. साड्या सगळ्यांच्या एकाच रंगाच्या, आणि रंग ठरवायचं काम माझ्याकडे. मी म्हटलं, डाळिंबी. मंडळातली शकु लगेच म्हणाली, "दाण्याचा ना गं? सालीचा नको." बायकांना एवढं पुरतं. पण दुकानात तो मिळेना. एक साडी राणीकडे झुकतेय, दुसरी विटकरीकडे. शेवटी मोतिया साड्या घेतल्या आणि गेले घाटकोपरच्या रंगाऱ्याकडे. मनासारखा उतरेना तशा पुन्हा बुडवायला लावल्या. तो वैतागून म्हणाला, "बाई, तुम्हीच ढवळा!" ढवळलं मी! काय सोडते की काय! गच्चीवर साड्या वाळत घातल्या तर वरच्या-खालच्या बायका बघायला धावल्या. हेही आले. बघितलं आणि म्हणाले, "छान आहे लाल."

आणि रेकॉर्डिंग तोंडावर आलं असताना मला झाली कावीळ. सगळी वाट लागली. माझ्या जागी शकुची जाऊ उभी राहिली, माझीच साडी नेसून. मी गादीवर पडून उसाचा रस पीत होते आणि रडत होते. ह्यांना म्हटलं, "मी दिसणार नाही ते नाहीच. निदान माझा रंग तरी दिसेल ना सगळ्यांना?" ह्यांनी पाठीवरून हात फिरवला आणि कामावर गेले.

मी बरी होता होता कार्यक्रम लागायचा दिवस आला, आणि तो एकदाच लागणार होता. त्या संध्याकाळी आमच्या खोलीत पाय ठेवायला जागा नाही. पुढे सगळे पुरुष, बटणाशी हे, आणि मी मागे भिंतीला टेकून, मांडीवर शेजारणीचं पोर. "आल्या, आल्या!" एकच गलका झाला. बघते तर काय, सगळ्या जणी लालभडक! लग्नातल्या बँडवाल्यांसारख्या!

"अहो, कमी करा!" मी ओरडले.

"कमी काय करायचं वहिनी? लालच तर आहेत," गुणाजीभावोजी म्हणाले.

"डोळे आहेत का बटणं?" शकु उसळली.

ह्यांनी घाबरून बटण मागे फिरवलं. साड्या राख फासल्यासारख्या झाल्या. पुढे फिरवलं. "आता विटकरी झाली!" "अहो मागे, मागे! आता आमसुली!" बायकांची नुसती आरडाओरड, आणि पुरुष आपले, "अरे यार, लालच आहे ना!" एवढ्यात पहिलं गाणं संपलं. आता एकच उरलं होतं. मला तर हुंदकाच फुटायचा बाकी होता.

तेवढ्यात ह्यांनी काय करावं? चक्क टीव्हीकडे पाठ केली.

"अरे शिवदास, तिकडे बघ ना!" गुणाजीभावोजी ओरडले.

"तिकडे बघून मला काय कळतंय? मला सगळं लालच दिसतं."

आणि सगळ्यांच्या डोक्यांवरून हे सरळ माझ्याकडे बघायला लागले. हात मागे, बोटं बटणावर. माझ्या कपाळाला आठी पडली की हात उलटा फिरायचा. आठी जरा सैल झाली की हळू व्हायचा. मी पडद्याकडे बघत होते आणि हे माझ्या तोंडाकडे. पडद्यावर फुगडी रंगात आली होती. साडी उजळली, पुन्हा जड झाली, पुन्हा जराशी उजळली.

आणि उतरला! तोच रंग, पिकलेल्या दाण्याचा! माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं.

ह्यांनी बटणावरचा हात काढला.

"लागली डाळिंबी!" हे सगळ्या खोलीला ओरडून म्हणाले. पाठ अजून टीव्हीकडेच होती.