दोन दुकानांची एक भिंत

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे, आणि त्यातून सामाईक! बाजारपेठेतल्या जुन्या रांगेत मी दोन दुकानांच्या मधोमध उभी आहे. डावीकडे घड्याळांचं दुकान, उजवीकडे छत्र्यांचं. रस्त्यावरच्या लोकांना कमानी दिसतात, नक्षी दिसते, खिडक्यांच्या रंगीत काचा दिसतात. मी कुणालाच दिसत नाही. तरी दोन्हीकडच्या माळ्यांच्या तुळया माझ्याच खांद्यावर आहेत बरं का!

भाजक्या विटा आणि चुना यांपासून मी बनले. चुन्याची भिंत श्वास घेते. तिला कोंडायचं नसतं.

घड्याळवाले काका आणि छत्रीवाले अप्पा यांची दोस्ती माझ्यातूनच चालायची. काकांनी दोनदा टकटक केली, की अप्पा चहाचे दोन कप घेऊन हजर.

"तुमच्या दहा घड्याळांत दहा वेळा, चहाची वेळ मात्र पक्की," अप्पा म्हणायचे.

"तुमच्या छत्र्या पाऊस सोडून सगळं अडवतात, ते बघा आधी," काका म्हणायचे.

मग काका गेले. डावीकडे कुलूप लागलं. त्याआधीच कुणीतरी त्या बाजूने मला सिमेंटचा गिलावा थापला होता. वरून मी गुळगुळीत, आतून ओल कोंडलेली. दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी माझी गत. भिंतीला कान असतात म्हणे. असतात की! पण ऐकायलाच काही नसलं, तर त्या कानांचं करायचं काय?

यंदा काकांचा भाचा आला. मला पाडून दोन्ही दुकानांचं एकच मोठं शोरूम करायचं त्याच्या मनात होतं. अप्पांनीही थकून होकार दिला. "पलीकडे आता आहे तरी कोण?" असं ते म्हणाले. मी ते ऐकलं.

पाडण्याआधी मला तपासायला इंजिनीअर ताई आल्या. गिलावा आतून पोकळ आहे का, हे बघायला त्यांनी काकांच्या बाजूने बोटाने दोनदा ठोकलं. टकटक.

थोड्या वेळाने दारात अप्पा. हातात चहाचे दोन कप. समोर ताई आणि भाचा दिसले, तसे ते जागीच थांबले.

"सवय," ते पुटपुटले. "टकटक ऐकली, आणि भांडं गॅसवर कधी चढलं ते कळलंच नाही."

भाच्याने पुढे होऊन एक कप घेतला. "हा मामांचा ना?"

"हो. साखर कमी आहे त्यात."

भाच्याचा चहा संपेपर्यंत अप्पा माझ्याकडेच बघत होते. मग म्हणाले, "बाळा, माझा होकार मी परत घेतो. अर्धी भिंत माझी आहे."

"मग माझी अर्धी पाडतो."

"पाड की. तुळया तेवढ्या डोक्यावर धरून उभा राहा."

ताईंना हसू आवरेना. "भिंत भक्कम आहे," त्या म्हणाल्या. "सिमेंट काढून चुन्याचा गिलावा करू. ओल हळूहळू वाळेल."

भाचा रिकाम्या कपाकडे बघत राहिला. "काढा," तो म्हणाला.

आता मी पुन्हा श्वास घेते, मित्रांनो. पण भाचा चहाला रोज येत नाही, आणि दुपारी मला फार एकटं वाटतं. म्हणून एकच मागणं आहे. जुन्या बाजारात गेलात, की वरची नक्षी बघाच, पण आतल्या भिंतीवर दोनदा टकटकही करा. पलीकडे कुणीतरी अजून दोन कप विसळून ठेवत असेल.